ठासणीच्या बंदुकीचा गज मोडला, नवा कशाचा करावा?

केळीवाला (रावेर तालुका):

मंडळी, राम राम. उजव्या हाताला चार टाके आहेत, डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करतोय. चुका पोटात घाला.

आमच्याकडे आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक आहे. लायसनवर 'एसबीएमएल' लिहिलंय, म्हणजे एक नळी, तोंडाकडून भरायची. पीकसंरक्षणासाठी. आधी आजोबांच्या नावावर, मग वडिलांच्या, आता माझ्या. शेत सातपुड्याच्या पायथ्याला, केळी आणि थोडा हरभरा. रानडुकरांचं मी काय नव्याने सांगू? लागवडीचे कंद उकरतात, घड आलेलं खोड धडका मारून पाडतात, खातात त्याच्या कितीतरी पट तुडवतात. मी जनावर मारत नाही. नुसता आवाजाचा बार काढतो. कळप नाल्यापलीकडे जातो, दोन-तीन रात्री झोप मिळते. फटाके लावून पाहिले, आठवड्यात डुकरं त्यांना सरावली. बाराला का सरावत नाहीत ते त्यांनाच ठाऊक.

गेल्या गुरुवारी संध्याकाळी बार भरत होतो. दारू घातली, वरून चिंधीचा बोळा, आणि गज घालून ठासायला लागलो. बोळा जरा मोठा झाला होता, अर्ध्यात अडकला. मी गजाचं वरचं टोक दोन्ही हातांनी धरलं आणि अंगाचा भार टाकला. कट्! बोरूला कलम करावं तसा तिरपा तुटला, आणि वरच्या तुकड्याची अणी थेट अंगठ्याच्या बेचक्यातून आत. बायकोने रक्त पाहून आधी बंदुकीला शिव्या घातल्या, मग मला, मग दवाखाना.

हा गज सागवानी होता. आजोबांचा मूळचा काळपट गज २००९ साली मोडला, तेव्हा गावच्या सुताराने पलंगाच्या उरलेल्या पट्टीतून हा करून दिला. दिसायला एकदम सरळ, पॉलिश मारलेला. आता तोच सुतार म्हणतो, तसाच दुसरा करून देतो. भाचा म्हणतो, ऑनलाइन फायबरचा रॉड मागव. एकाने पडद्याचा अॅल्युमिनियमचा पाइप सुचवला, आणि आमच्या शेजाऱ्याने तर ठिबकची १६ मिलिमीटरची नळी आणून दाखवली. आत बांबूची काडी घाल म्हणे.

मापं: नळी ४० इंच, तोंड आतून साधारण १७ मिलिमीटर, आटे नाहीत, साधी गुळगुळीत. नळीखाली गज अडकवायच्या दोन कड्या आहेत, त्यांतून तीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जाड काठी आरामात जाते, चार सूत जात नाही. नळी आजोबांच्या हातची आहे, ती खराब व्हायला नको. काय करू? खालचा तुकडा अजून आतच आहे, तो बार काढला की निघेल ना?

वेल्डिंगवाला (सावदा):

काय भो, एवढं काय त्यात. तीन सूत सळई घ्या, ४२ इंच कापा, टोकाला नट वेल्ड करा. नातवापर्यंत मोडणार नाही. माझ्याकडे तुकडा पडलाय, पोरासोबत पाठवून देतो, पैसे नको.

वरणगाव रिटायर:

सळई, सागवान सगळं बाजूला ठेवा. केळीवाला भाऊ, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी चष्मा पुसून परत वाचलं. तो तुकडा बार काढून बाहेर काढायचा नाही. अजिबात नाही. नळीत मध्येच काही अडकलेलं असताना बार उडाला तर नळी फुटते, आणि ती तुमच्या डाव्या हाताजवळच फुटते. एक हात आधीच गेलाय.

निपलवर, म्हणजे नळीच्या बुडाशी असलेल्या भोकाच्या बोंडीवर, ठिणगी देणारी टोपी चढवलेली नाही ना, ते आधी पाहा. असेल तर नळीचं तोंड मोकळ्या जागेकडे ठेवून ती काढा. मग नळीत पाणी ओता. अर्धा पेला नाही, तोंडापर्यंत. गज आणि बोळा आडवे असले तरी पाणी कडेने झिरपतं. निपल काढता येत असेल तर तिकडूनही सोडा. रात्रभर राहू द्या. काळ्या दारूतला सोरा पाण्यात विरघळतो, मग ती दारू राहत नाही, काळा चिखल होतो. त्यानंतर लायसन असलेल्या दुरुस्तीवाल्याकडे न्या. तो लांब दांडीच्या टोकाला लाकडाचा स्क्रू लावून तुकड्यात फिरवत रुतवेल आणि सरळ ओढून काढेल. बंदुकीची दुरुस्ती बिगरलायसनवाल्याकडून करून घ्यायची नसते, तेव्हा हे काम सावद्याच्या पोराचं नाही.

माझी नोकरी वरणगावच्या आयुध निर्माणीत झाली, काडतुसांच्या बाजूला. ठासणीशी कारखान्याचा काही संबंध नाही. पण मामांकडे अशीच एक होती आणि लहानपणी मी ती भरताना पुष्कळ पाहिली. मामा गज टोकाला कधीच धरायचे नाहीत. नळीच्या तोंडावर वीतभर अंतर ठेवून मुठीत धरायचे, तेवढाच आत ढकलायचे, मूठ परत वीतभर वर. लांब काठीला वरून दाबलं की ती मध्ये बाक घेते आणि तिथेच जाते. तुम्ही लोखंडाची पहार घेतली असती तरी तशी धरणं चूकच होतं, फरक इतकाच की ती तुटण्याऐवजी वाकली असती.

आता सळई. गज लोखंडाचा चालत नाही असं नाही. प्रशियाच्या फौजेने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लाकडी गज टाकून लोखंडी घेतले, लिओपोल्ड नावाच्या सेनापतीच्या आग्रहाने. १७४१ च्या मोलविट्झच्या लढाईत त्यांचं पायदळ समोरच्यापेक्षा भराभर बार भरत होतं, त्यात या गजाचाही हात होता. लाकडी गज घाईगर्दीत मोडायचा आणि शिपाई रिकामा. पण तो गज घोटून गुळगुळीत केलेला असायचा. बांधकामाच्या सळईला अंगावर वेढे असतात. प्रत्येक वेळी नळीच्या तोंडावर कानस फिरवल्यासारखं होईल.

धरणगावचा पाटील:

रिटायर काकांनी विषय काढलाच आहे तर एक भर. १८२५ साली आउटराम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेश भिल्ल कोअर, म्हणजे भिल्लांची पलटण, उभी केली ती आमच्या धरणगावात. त्या काळच्या ब्रिटिश पायदळाच्या 'इंडिया पॅटर्न' मस्केटची नळी ३९ इंचांची आणि गज पोलादी. म्हणजे केळीवाला, तुमची नळी फौजी मापापेक्षा एक इंचाने लांबच भरली! कोअरच्या हातात नेमकी तीच होती की दुसरी, ते मला माहीत नाही, उगाच फेकत नाही.

कुंपणवाला:

बंदूक कशाला लागते? सौर कुंपण करा. २१ व्या शतकात चिंध्या ठासत बसलेत.

केळीवाला:

कुंपण केलंय. नाल्याच्या बाजूला पावसाळ्यात खांब वाहून जातात, डुकरं तिथूनच येतात. तुमच्या शेतात डुकरं येत नसतील तर देवाची कृपा.

काका, तुमचं ऐकून टोपी पाहिली, नव्हती. पाणी ओतलंय. बंदूक कोठीत, कुलपात, खाली परात. नळीतून काळं पाणी निपलकडून टिपटिप येतंय. तुम्ही सांगितलं नसतं तर मी खरंच शनिवारी बार काढणार होतो. हात जोडतो, म्हणजे एकच जोडतो.

मु. पो. ओहायो (मूळ अमळनेर):

वा, या विषयावर मराठीत कोणी बोलेल असं वाटलं नव्हतं. मी इथे एका क्लबात ठासणीची रायफल चालवतो, पन्नास कॅलिबर, म्हणजे अर्धा इंच तोंड. शेजारच्या इंडियाना राज्यात फ्रेंडशिप नावाचं गाव आहे, तिथे १९३३ पासूनच्या ठासणी-रायफलवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेचं मैदान आहे. तिथे निम्म्या गप्पा गजावरच चालतात.

आधी फरक सांगतो. रायफलच्या नळीला आतून आटे असतात, गोळीभोवती तेलकट कापड गुंडाळून ती घट्ट ठासावी लागते. त्यामुळे इथे गज जास्त मोडतात. आणि रायफलचा नेम नळीच्या तोंडाच्या कडेवर असतो. तिथे एका बाजूला गज घासून खड्डा पडला की गोळी तिरकी. म्हणून आम्ही तोंडावर पितळेची किंवा प्लॅस्टिकची बाही बसवतो, गज बरोबर मधून जातो. तुमची नळी गुळगुळीत, तुम्हाला नेम मारायचा नाही, तरी बाही लावलीत तर बिघडत नाही.

फायबर मोडत नाही हे खरं. पण त्याचा पृष्ठभाग खरखरीत होतो, त्यात कचरा रुतून बसतो, आणि तोच कचरा नळी घासतो. अॅल्युमिनियम मऊ, त्यातही वाळूचे कण रुततात. पितळ चांगलं, नळीपेक्षा मऊ आणि ठिणगी टाकत नाही, पण जड आणि वाकतं. मी मैदानावर पितळी वापरतो. बंदुकीखाली मात्र हिकरीचा, पन्नासच्या नळीला तीन सूत. हिकरी म्हणजे अक्रोडाच्या कुळातलं झाड, इथे कुऱ्हाडीचे दांडेही त्याचेच. तुमच्यासाठी मागवायला निघालात तर लाकडापेक्षा पोस्टेज जड होईल. खानदेशात त्याच्या तोडीचं काही असेलच, सुतारांनी सांगावं.

एक नक्की: दुकानातला गज विकत घेतानाही मी दहा बाजूला काढून एक घेतो. काठी सरळ दिसते त्यावर जायचं नाही. लाकडाच्या रेषा पाहायच्या. रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काठीबरोबर चालल्या तर घ्यायचा. मध्येच कडेने बाहेर निघाल्या तर तिथे तो तिरपा तुटणार, आणि तिरप्या तुकड्याला भाल्यासारखी अणी येते. तुमच्या हातात गेली ती.

सुतारकाम (चोपडा):

ओहायोवाल्या दादांनी माझं निम्मं काम केलं. तुमच्या गावच्या सुताराला दोष देत नाही, त्याने पलंगाची पट्टी करवतीने चिरली आणि रंध्याने गोल केली. करवत रेषा बघत नाही, सुताने मारलेली खूण बघते. सरळ काठी निघते, पण आतले तंतू तिरपे कापलेले. शिवाय सागवान दाराखिडक्यांना राजा, दांड्याला नाही. झटका सहन होत नाही त्याला. कुऱ्हाडीला सागवानी दांडा कोणी घालतो का?

सातपुड्यात धामण नावाचं झाड असतं. जुने लोक तिचे धनुष्य आणि कावडीचे दांडे करायचे, वाकते आणि परत येते. दुसरा धावडा, कुऱ्हाडीच्या दांड्याचा. धावडा धामणीपेक्षा जड आणि काम करायला वैताग. गजाला मी धामण घेईन. अंजन घ्या म्हणणारे भेटतील, अंजन आपल्याकडचं भारीतलं भारी लाकूड, पण एवढ्या बारीक काठीला मी वापरत नाही. बाभूळ चालेल, पण ४२ इंच सरळ बाभूळ मिळाली तर मला फोटो पाठवा. जंगलातून तोडून आणायची नाही, वखारीत विचारा. लागेल तेवढी काठी माझ्याकडेही निघेल.

आता करायची कशी. ओंडका करवतीने चिरायचा नाही, कुऱ्हाड आणि पाचर लावून फोडायचा. फुटताना लाकूड स्वतःच्या रेषेने जातं. फुटलेली फाक वाकडी निघाली तरी चालेल, तिला विस्तवाच्या धगीवर हलकं तापवून सरळ करता येते. आधी चौकोनी, मग अष्टकोनी, मग गोल, रंधा नेहमी एकाच दिशेने. शेवट काचेच्या तुकड्याने खरवडायचं. पॉलिशपेपरला शेवटचे दोन हात, जास्त नाही.

टोकाला पितळी टोपण. नुसतं अॅराल्डाइटने चिकटवू नका, आरपार भोक पाडून पितळी खिळा मारा आणि दोन्हीकडून घासून सपाट करा. चिंधी अडकली की ओढताना टोपण आतच राहतं, मग परत पाणी ओतायचा कार्यक्रम.

मग जवसाचं तेल. आठ-दहा दिवस बुडवून ठेवायचं. आणि तेलाच्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, जवसाच्या तेलाने चिंध्या आपोआप तापून पेटतात. माझ्या दुकानात एकदा धूर निघालाय.

वरणगाव रिटायर:

सुतारदादांचं सगळं मान्य. फक्त एक गोष्ट राहिली, आणि मला ती लाकडापेक्षा मोठी वाटते. गज तयार झाला की रिकाम्या नळीत टाका, बुडाला टेकू द्या, आणि नळीच्या तोंडाशी गजावर गोल खाच करा. मग नेहमीचा बार भरा, आणि परत तोंडाशी दुसरी खाच. ही दुसरी टोपणाकडे, म्हणजे खाली येईल. पुढे कधीही शंका आली की गज आत सोडायचा. वरची खाच तोंडाशी आली तर रिकामी. खालची आली तर भरलेली आणि नीट बसलेली. खालची खाच तोंडाच्याही वर राहिली तर काहीतरी चुकलंय, बोळा मध्ये अडकलाय किंवा दोनदा भरलंय. टोपी लावायची नाही.

पितळी टोपणाचा अजून एक फायदा. रिकाम्या नळीत गज सोडला की बुडाशी 'ठण' वाजतं. भरलेली असेल तर 'ठप'. मामा अंधारात कानावर चालायचे.

आणि गज नळीच्या खोलीपेक्षा दीड-दोन इंच तरी लांब पाहिजे, नाहीतर वरची खाच पाडायला जागाच उरत नाही. नळीखाली थोडा पुढे डोकावला तर डोकावू द्या.

कोर्टकचेरी (भुसावळ):

कायद्याचं दोन ओळीत. केळीवाला, तुमची बंदूक जुनाट म्हणून कोणी हसलं तर सांगा, शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा नाव घेऊन उल्लेख आहे. ठासणीची पुरणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तर दुसऱ्या साध्या नळीच्या बंदुकीचंही लायसन देता येतं. आणि यावल अभयारण्याच्या हद्दीपासून १० किलोमीटरच्या आत राहत असाल तर वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे लायसनदाराची वनखात्याकडे नोंद लागते. वडिलांनी केली असेल तर कागद काढून ठेवा, तुमच्या नावाने झाली का ते पाहा.

केळीवाला:

कागद सापडला, वडिलांच्या नावाचा आहे. माझ्या नावाने अर्ज करतोय.

केळीवाला:

मंडळी, अठरा दिवसांनी लिहितोय. टाके निघाले, दोन हातांनी टाइप करतोय.

तुकडा निघाला. लायसनवाल्या दुरुस्तीवाल्याने काकांनी सांगितल्यासारखाच स्क्रू रुतवून काढला, १९ इंचांचा होता. त्यामागे बोळा, त्यामागे काळा चिखल. त्याने तुटलेली जागा नखाने दाखवली. सागवानाच्या रेषा काठीच्या एका कडेने शिरून चार इंचांवर दुसऱ्या कडेने बाहेर, ओहायोवाल्या दादांनी तिकडे बसून सांगितलं तशा. पंधरा-सोळा वर्षं मी तो गज रोज पुसत होतो आणि कधी नीट पाहिला नव्हता. नळीला काही झालेलं नाही.

आता खरी गंमत. रिटायर काकांचं खाचांचं मी जेवताना मोठ्याने वाचत होतो. आई म्हणाली, "खाचा? देवघराच्या पडद्याच्या काठीला आहेत की." आजोबांचा २००९ साली मोडलेला काळा गज! खालचा भाग चुलीत गेला होता, वरचा २३ इंचांचा तुकडा आईने पडद्याला लावलेला. काढून पाहिला. टोकापासून दीड इंचावर एक गोल खाच, तिच्याखाली दोन बोटांवर दुसरी. मला वाटायचं सुताराची नक्षी आहे. अशीच नक्षी नव्या गजालाही कर, असं मी २००९ मध्ये सुताराला सांगायचं विसरलो, आणि आता वाटतं बरं झालं. अंदाजे मारली असती त्याने, आणि मी तिच्यावर विश्वास ठेवला असता.

मोडला कसा होता तेही त्या तुकड्यावर दिसतं. तिरपा नाही. आडवा, खराट्यासारखा, तंतू लांब लांब निघालेले. आजोबांनी त्याच्यावर किती वर्षं काढली कोण जाणे, आणि मोडला तो ठासताना नाही. माझ्या धाकट्या भावाने त्याने चिंचा झोडल्या होत्या.

चोपड्याच्या दादांकडे तुकडा घेऊन गेलो. त्यांनी वास घेतला, एक तंतू सोलला, गुडघ्यावर वाकवून पाहिला आणि म्हणाले, धामणच असावी. त्यांच्याकडे फोडलेली धामणीची फाक होती, माझ्यासमोर गोल केली. तीन सूतला केसभर कमी, ४१ इंच, पितळी टोपण, आरपार खिळा. आता पीव्हीसी पाइपात जवसाचं तेल भरून, दोन्हीकडे टोपणं लावून, पेरूच्या झाडाला उभा टांगलाय. नऊ दिवस झाले. खाचा तेलातून काढल्यावर, माझ्या नळीत मोजून, मीच पाडणार.

वेल्डिंगवाले भाऊ, तुमची सळई पोरासोबत पोचली. वाया गेली नाही. काळा तुकडा मी ठेवून घेतला, आणि देवघराचा पडदा आता सळईवर आहे. आई म्हणते, कड्या सरकताना अडकतात.

वेल्डिंगवाला (सावदा):

वेढे आहेत ना भो. साधी गोल पाठवतो.